हॅलो कुणी म्हणायचं

हल्ली माझी मुलगी मला ‘हॅलो’ म्हणते ते मी काहीतरी चुकले की. भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे पाठवताना मी दोनदा पाठवले, लिफ्टमध्ये शिरून मजल्याचं बटण दाबायलाच विसरले, की मागून येतं, ‘हॅलो, आई?’ त्यातला ‘लो’ ती असा काही लांबवते की माझं सगळं वय त्यात मावतं. तिच्या लेखी या शब्दाचा अर्थ ‘जागी हो’ असा आहे. तिचे वडील फोनची रेंज गेली की गॅलरीत जाऊन तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात, दर वेळी आधीपेक्षा थोडे अधिक अपमानित होऊन. सोसायटीच्या गणपतीत माइक हाती आला की आमचे सेक्रेटरी आधी तो शब्द म्हणतात आणि मग माइकवर टिचकी मारतात. एवढी कामं एकटा करणारा दुसरा शब्द मला मराठीत आठवत नाही. आणि आता तो मराठीच म्हणायचा. पण आमच्या घरात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला एकच काम होतं, आणि तेही आम्ही त्याला धड करू दिलं नाही.

फोनसाठी बाबांनी अर्ज केला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते, आणि फोन आला तेव्हा कॉलेजात. मधल्या काळात देशाचं आर्थिक धोरण बदललं म्हणून तो आला, असं बाबा म्हणत. आईचं म्हणणं, बाबा टेलिफोन खात्याला दर महिन्याला शुद्ध मराठीत स्मरणपत्र पाठवत, त्याला कंटाळून त्यांनी दिला. बिबवेवाडीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बाहेरच्या खोलीत, बाबांचा जुना ड्रॉइंगबोर्ड दोन स्टुलांवर आडवा टाकून त्यावर तो ठेवला. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते, त्यामुळे फोन बोर्डाच्या बरोबर मध्यावर बसला आहे की नाही हे त्यांनी पट्टी लावून पाहिलं. आईनं त्याच्यासाठी आधीच क्रोशाचं झाकण विणून ठेवलेलं होतं. झाकण घातल्यावर तो फोन टोपरं घातलेल्या बाळासारखा दिसायला लागला, आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती बारशाला आल्यासारखे बसलो. चौथा म्हणजे माझा धाकटा भाऊ मिलिंद.

बाबांनी सभेला सुरुवात केली. ‘फोन वाजला की हॅलो कुणी म्हणायचं? ज्यानं केला त्यानं, की ज्यानं उचलला त्यानं?’

‘दोघांनी,’ मी म्हणाले. मी कॉमर्सला होते आणि जगाविषयी मला बरंच कळतं असं मला वाटे.

‘दोघांनी हाक मारली तर ओ कुणी द्यायची?’

मिलिंदनं कपाटातून इंग्रजी-मराठी कोश आणला. कोशात ‘लक्ष वेधून घेण्याचा उद्गार’ असं काहीसं दिलेलं होतं. ‘म्हणजे अर्थ नाही,’ बाबा समाधानानं म्हणाले. ‘नुसता आवाज आहे. कडी वाजवल्यासारखा. ज्यानं दार उघडलं त्यानं आतून कडी वाजवायचं कारण नाही. उचलणाऱ्यानं आपलं आडनाव सांगायचं.’ त्याप्रमाणे आमच्याकडे आलेला पहिला फोन बाबांनी उचलला आणि आपलं आडनाव इतक्या करड्या आवाजात सांगितलं की पलीकडून तो ताबडतोब ठेवला गेला. ती बाबांची सख्खी बहीण होती. कचेरीत लागला असं वाटलं तिला. त्या दिवसापासून आम्ही मुकाट्यानं हॅलो म्हणू लागलो.

आई मात्र काहीच म्हणेना, कारण ती फोन उचलेचना. आईचं माहेर राजापूरकडचं. तिथे तिन्हीसांजेला बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, असं तिला लहानपणापासून बजावलेलं. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नसतं ते एकदाच मारतं. एकदाच मारतं आणि वाट बघतं. समोर कुणी दिसत नाही आणि नुसती हाक येते, अशा यंत्राविषयी तिचं मत पहिल्या दिवशीच ठरून गेलं होतं. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘खात्याला कळवतो.’

तरीही फोनचा सगळ्यांत मोठा उपयोग आईलाच झाला. बाबा स्कूटरवरून भोसरीला जात. पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, ट्रकांच्या आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मधून. ते निघाले की आईचा जीव त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायचा आणि संध्याकाळपर्यंत परत यायचा नाही. ‘फोन आहे ना आता? पोचलात की कळवत जा,’ ती म्हणाली. यात एक तात्त्विक अडचण होती. कंपनीचा फोन खासगी कामाला वापरणं बाबांना मान्य नव्हतं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला. गेटवरच्या केबिनमधून ते घरचा नंबर फिरवतील, एक रिंग वाजली की ठेवून देतील. उचलला नाही तर कॉल पडत नाही. कॉल पडला नाही म्हणजे वापर झाला नाही. ‘एक रिंग म्हणजे पोचलो. उचलायचं नाही. वाजतच राहिली तर समज काहीतरी आहे, तेव्हा उचल.’

‘आणि उचलून काय करू?’

‘ती वेळ येणार नाही,’ बाबा म्हणाले.

पुढे कळलं की निम्मं पुणं हेच करत होतं. कुणी रात्रपाळीहून निघताना, कुणी स्टेशनवर गाडी मिळाल्यावर, कुणी सासरी पोचल्यावर एक रिंग द्यायचं. शहरभर फोन एकदाच वाजून गप्प होत होते आणि घराघरांतून बायका सुटकेचे निःश्वास टाकत होत्या, आणि यातलं एक अक्षरही कुणी बोलत नव्हतं. टेलिफोन खात्याला आमच्या काळज्यांचं काही मिळालं नाही.

आमच्या सकाळीला त्या रिंगेमुळे एक आकार आला. पावणेनऊच्या सुमाराला आई गॅस बंद करायची. कुकरची शिट्टी नको, फोडणीचा आवाज नको, मिलिंदचा रेडिओ नको. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी तशीच असायची. मग बाहेर एकदा ‘ट्रिंग’ व्हायचं आणि थांबायचं. ‘पोचले,’ आई कुणालाही उद्देशून नाही असं म्हणायची, गॅस पेटवायची, आणि पोळी भाजायच्या आधी स्वतःसाठी अर्धा कप चहा टाकायची. तो तिचा दिवसाचा दुसरा चहा. आल्याचा. पहिला ती उभ्यानं, सगळ्यांच्या आधी, चव न घेता प्यायची. दुसरा बसून.

एका सकाळी रिंग आली नाही. आईनं गॅस बराच वेळ बंद ठेवला. ‘केबिनमधला फोन बिघडला असेल,’ मी म्हणाले. ‘असेल,’ ती म्हणाली, आणि पोळीची कोरडी पडलेली कड पाण्याच्या हातानं ओली करत राहिली. उशिरानं फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. मी धावत जाऊन उचलला आणि ‘हॅलो’ म्हणाले. मला एका मैत्रिणीच्या फोनची अपेक्षा होती, त्यामुळे ते हॅलो तिच्यासाठी काढलेलं होतं, हसरं आणि थोडं लाडिक. पलीकडे एक अनोळखी माणूस होता. त्यानं बाबांचं नाव घेऊन विचारलं, हे त्यांचंच घर का. खडकीच्या पुढे बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनी स्कूटर कडेला घेतली, स्टँडवर लावली, हेल्मेट हँडलला अडकवलं, आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. लोकांनी दवाखान्यात नेलं तोपर्यंत काही उरलं नव्हतं. स्कूटर आम्हाला जशीच्या तशी परत मिळाली, साधा ओरखडाही नव्हता. आईला एकच गोष्ट समजेना. ती आल्यागेल्याला तेच विचारायची. ‘मग पोचले कुठे ते?’

फोनला त्यानंतर कित्येक दिवस कुणी हात लावत नव्हतं. आईचा दुसरा चहा बंद झाला. गॅसही बंद होईना. पावणेनऊला ती मुद्दाम कुकर चढवायची आणि शिट्ट्यांच्या आवाजात ती वेळ काढून टाकायची.

मिलिंद इंजिनिअर होऊन बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत गेला. मी बी.कॉम. होऊन दोन-तीन ठिकाणी चिकटले, सुटले, आणि शेवटी एका नव्या कॉल सेंटरमध्ये लागले. इंग्लंडच्या गिऱ्हाइकांसाठी ते काम होतं, त्यामुळे दुपारी जायचं आणि रात्री कंपनीची सुमो घरी सोडायची. तिथे सुरुवातीचे काही आठवडे आम्हाला फक्त हॅलो म्हणायला शिकवलं. मला वाटलं होतं तो शब्द मला येतो. आमच्या ट्रेनरबाई म्हणाल्या, हॅलो गळ्यातून नाही, गालांतून यायला हवं. तुम्ही हसताय की नाही हे गिऱ्हाइकाला हजारो मैलांवरून कळतं. मी घरी आरशासमोर उभी राहून गाल ताणून हॅलो हॅलो करत बसायचे. आई दारात यायची, जरा वेळ बघायची आणि म्हणायची, ‘गालफुगी झाल्यासारखी दिसतेस.’ तिथे माझं नाव वेंडी ठेवलं होतं. बिबवेवाडीची वेंडी. इंग्लंडातल्या म्हाताऱ्या बायका मला ‘हॅलो वेंडी’ म्हणायच्या, आणि खरं सांगते, क्षणभर कुणीतरी आपल्याला ओळखतं असं वाटायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. दाराला झेंडूचं तोरण होतं, मी केस पुसत बाहेरच्या खोलीत उभी होते, आई आत पोळ्या लाटत होती. त्या दिवशी कुकर लवकर उतरला होता. फोन एकदा वाजला आणि थांबला.

‘पोचले,’ आई आतून म्हणाली.

सवयीनं निघून गेलं ते तिच्या तोंडून. मग लाटण्याचा आवाज थांबला. मी टॉवेल हातात धरून तशीच उभी. फोनकडे बघायची हिंमत होईना, स्वयंपाकघराकडे बघायची त्याहून होईना. मग आतून आलं किसल्याचा आवाज आला. आईनं चहा टाकला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला. तिसऱ्याही. वेळ थोडी मागेपुढे व्हायची, पण ती तर बाबांचीही व्हायची, ट्रॅफिकप्रमाणे. एकच रिंग, आणि ती थांबल्यावर घरात जी शांतता पडायची ती साधी नव्हती, कुणीतरी ऐकत असल्यासारखी होती. रविवार आला. मी मनात म्हटलं, आज कळेल. रविवारीही वाजला.

‘आई, बाबांना रविवारी सुट्टी असायची,’ मी हळूच म्हणाले.

‘तिथे कसली आलीय सुट्टी,’ आई म्हणाली.

मी बुद्धिवादी बापाची मुलगी होते. मी म्हणाले, लाइनमध्ये बिघाड असेल. आई म्हणाली, ‘मग कळव खात्याला.’ मी म्हणाले, ‘कळवू?’ आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ‘नको,’ आई म्हणाली. मला हायसं वाटलं हे मी तिला दाखवलं नाही. दिवसभर मी परक्या देशातल्या न दिसणाऱ्या माणसांना गालांतून हॅलो म्हणत होते, आणि घरच्या फोनपासून, तो वाजण्याच्या वेळेला, दोन हात लांब उभी राहत होते. शेजारच्या पाटणकरकाकूंना आईनंच सांगितलं. काकू घाबरल्या. त्र्यंबकेश्वरला जाऊन शांत करून घ्या म्हणाल्या. ‘ते नुसते पोचल्याचं कळवतायत,’ आई म्हणाली, ‘त्यात शांत काय करायचं?’ आणि तिनं काकूंना वडी दिली.

तिची तब्येत सुधारत चालली होती, हे यातलं सगळ्यांत विचित्र. ती पुन्हा बसून चहा पिऊ लागली. आमटीत पुन्हा गूळ पडू लागला. बाबांच्या स्कूटरवर जुनी चादर होती, ती काढून धुऊन परत घातली. मी मात्र झोपेत दचकायला लागले.

दिवाळीला मिलिंद आला. त्याला मी पत्रानं सगळं कळवलं होतं. त्यानं बंगळूरहून एक छोटी डबी आणली होती, काचेची खिडकी असलेली. फोनला जोडली की कुणाचा फोन आलाय त्याचा नंबर त्या खिडकीत उमटायचा. ‘कॉलर आयडी. आता कळेल, आई, कोण आहे ते.’

‘मला माहितीये कोण आहे ते.’

‘अगं पण बघायला काय हरकत आहे?’

‘तुझ्या बाबांनी कधी आपल्या मागे माणूस लावला होता?’ ती म्हणाली. मिलिंदनं डबी तरी जोडलीच. आईनं ती भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि वरून क्रोशाचं झाकण ओढलं. रोज त्या डबीत नंबर उमटत होता आणि रोज भिंत तो वाचत होती. मला नुसती मान वाकडी करायची होती. मी केली नाही. तो नंबर भोसरीच्या गेटचा निघाला असता तर मी काय केलं असतं? आणि नसता निघाला तर आईला काय सांगितलं असतं? आज माझी मुलगी अनोळखी नंबर आला की आधी तो कुणाचा हे शोधते आणि मग उचलते. मी तिला हुशार म्हणते. पण ज्या घरात खरंच कळून घ्यायचं नाही असं ठरलं होतं, त्या घरात मी राहिलेली आहे.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. आई तिळाच्या पाकाकडे बघत होती, पण वेळ झाल्यावर तिनं गॅस बारीक न करता बंदच केला. फोन वाजला. एकदा. आईचे ओठ हलले. आणि फोन पुन्हा वाजला.

आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत आलो. तो वाजतच होता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. वाजतच राहिली तर समज काहीतरी आहे, असं बाबांनी सांगितलेलं तिला आठवत होतं, आणि जे दुसऱ्यांदा हाक मारतं ते माणूस असतं, हेही आठवत होतं. उचलला नाही तर तो कधीतरी थांबेल, आणि उद्यापासून पुन्हा एकच रिंग येईल, असंही तिच्या मनात आलं असेल. माझ्या तर आलंच. ‘मी घेऊ?’ मी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. क्रोशाचं झाकण काढून, घडी घालून बाजूला ठेवलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं वाजता फोन उचलला.

‘हॅलो,’ आई म्हणाली.

पलीकडे काहीच नाही. श्वास होता. मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज, बांधावरून पलीकडच्या शेतात बोलावं तसा मोठा. मला लांबूनही प्रत्येक अक्षर ऐकू येत होतं.

‘शोभे? शोभे, ठिवू नगं. आज ठिवू नगं. तुजी आय लई आजारी हाय. दवाखान्यातनं घरी आनलीया. तुजं नाव घेतीया सारकी. पोरांस्नी म्या इचारलेलं न्हाई. म्याच सांगतोय, तू ये.’

आईनं डोळे मिटून घेतले होते. ‘अहो, मी शोभा नाही,’ ती म्हणाली.

‘मग तिला द्या की.’

‘इथे शोभा कुणी नाही. हा बिबवेवाडीचा नंबर आहे.’

‘बिबवेवाडी? न्हाई, न्हाई. कर्वेनगर. रोज लावतो की म्या. सकाळच्याला एक रिंग देतो. तिनंच सांगितलंय जाताना, आबा, बोलू नगा, निस्ती रिंग द्या, मला कळंल तुमी बरं हाय.’ त्याला ते हळूहळू उमगत गेलं असावं. ‘मंग हितकं दिवस माजी रिंग कोन घेत हुतं?’

‘मी घेत होते,’ आई म्हणाली.

‘तुमी? का?’

आई बाबांविषयी एक शब्दही बोलली नाही. ‘मला वाटलं माझीच आहे,’ ती म्हणाली.

म्हातारा वाघोलीचा होता. जमिनीला भाव आला, बिल्डर आले, मुलांनी बहिणीकडे हक्कसोडीच्या कागदावर सही मागितली आणि तिनं दिली नाही. त्या दिवसापासून तिचं नाव घरात निघत नव्हतं. मुलं साइटवर गेली की म्हातारा गुपचूप रिंग द्यायचा. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. दसऱ्याला घरात नवा फोन आला तेव्हा नातवाला खाऊ देऊन त्यानं शोभाचा नंबर एका बटणात भरून घेतला होता. ‘माज्याकडं नंबर न्हाई ताई, बटन हाय. वरलं पयलं.’ कुणी फोन उचलत नव्हतं, त्यामुळे चूक कुणाला कळायची सोयच नव्हती. मुलीकडे रिंग जात नव्हती, आणि तो रोज सकाळी समाधानानं रिसीव्हर ठेवत होता.

‘तुम्ही फोन ठेवा,’ आई म्हणाली. ‘मी सांगते तिला.’

‘तुमी कसं सांगनार?’

‘सांगते म्हटलं ना. वहिनींजवळ बसा तुम्ही.’

तिनं फोन ठेवला, डबी भिंतीकडून वळवली आणि म्हणाली, ‘हा त्यांचा नंबर लिहून ठेव. आणि बघ काय करता येतं. तुम्ही दिवसभर तेच करता ना?’ वेंडीच्या हुशारीचा तो आयुष्यातला एकमेव खरा उपयोग. आमच्या भागातले नंबर चारनं सुरू व्हायचे आणि कर्वेनगरकडचे पाचनं. नातवानं घाईत पाचाच्या जागी चार दाबला असेल तर? मी आमचाच नंबर पहिला आकडा बदलून फिरवला. पलीकडे वाजायला लागलं आणि आईनं हात पुढे केला. ‘दे. मी बोलते.’

‘हॅलो,’ ती म्हणाली. या वेळचं हॅलो वेगळं होतं. दार उघडल्यावर कुणी ओळखीचं निघावं तसं. ‘शोभाताई का? तुमच्या वडिलांचा फोन आलाय. माझ्याकडे आलाय, चुकून.’

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. आईचंच ऐकू येत होतं. ‘नाही, ते बरे आहेत. आई फार आजारी आहे तुमची. लगेच निघा. वाघोलीला घरीच आणलंय... भावांचं नंतर बघा... हो. हो, देत होते रिंग. दसऱ्यापासून माझ्याकडे यायची... नाही हो, एकही दिवस चुकले नाहीत.’ मग ती बराच वेळ नुसती ऐकत उभी राहिली. तिनं रिसीव्हर ठेवल्यावर मी विचारलं, ‘काय म्हणाली?’

‘तिला वाटलं होतं, आबांनीही सोडलं.’

संध्याकाळी मी कामावर असताना शोभाचा फोन आला होता. रात्री आईनं ताट वाढता वाढता सांगितलं. भेट झाली. तिच्या आईनं ओळखलं लेकीला. भाऊ दारातून बाजूला झाले, बोलले काही नाहीत. नातवानं बटण दुरुस्त केलं. तिळाचा पाक कडक होऊन गेला होता, तो आईनं पातेल्यातून खरवडून काढला होता आणि मला वाटीत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ झाली तेव्हा तिनं सवयीनं गॅस बंद केला. मी बाहेर पेपर घेऊन बसले होते आणि वाचत नव्हते. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. पाटणकरकाकूंच्या नळाखाली बादली भरत होती. फोन वाजला नाही. वेळ गेली, आणि मग नक्कीच गेली, इतकी की आता ट्रॅफिकचंही कारण देता आलं नसतं. आई पदराला हात पुसत बाहेर आली. मला वाटलं, रडेल. ती फोनपाशी गेली, झाकण काढलं आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला. डायल टोनची घरघर मला बसल्या जागी ऐकू येत होती. नंबर तिनं फिरवला नाही. हॅलोही म्हणाली नाही.

‘अहो,’ ती म्हणाली. जेवायला हाक मारायची तेवढ्याच आवाजात. ‘यापुढे मी उचलीन फोन. बोलायचं असेल तर बोला.’

मग ती तशीच उभी राहिली. घरघर तुटली, टूं-टूं सुरू झालं, तेही कितीतरी वेळ चाललं, तरी तिनं रिसीव्हर कानावरून काढला नाही.